स्टेशनच्या जागेखालची पांढरी
(लेखांक ५)

गेल्या आठवड्यात आपण पुरातत्त्वविषयक कायदे पाहिले. ते राखतात मुख्यतः घोषित स्मारके. नांगराखालच्या अनोळखी टेकाडाला त्यांचा आधार जवळजवळ नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग हिंगोली जिल्ह्याच्या हद्दीलाही स्पर्श करतो, म्हणून हा प्रश्न आपल्या दारात आला आहे. रूळ अरुंद पट्टा घेतात, स्टेशनला मात्र फलाट, यार्ड, रस्ता, वाहनतळ अशी ऐसपैस जमीन लागते, आणि भरावाचा मुरूम आसपासच उकरला जातो. त्यामुळे पुरातत्त्वीय पाहणी जागा ठरण्यापूर्वी व्हावी, पाया खणताना नव्हे.

‘इथे नुसती शेते आहेत, सापडणार काय?’ हा पहिला आक्षेप. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा चौथ्या शतकातला ताम्रपट वाशीमला मिळाला. वत्सगुल्म म्हणजे वाशीम येथून दिलेल्या त्या दानपत्रातले गाव नांदिकडच्या, म्हणजे नांदेडच्या, उत्तर विभागातले आहे. वाशीम आणि नांदेड यांच्या मधोमध आजचा हिंगोली जिल्हा येतो. दोन्ही बाजूंना राज्यकारभार चालू असताना मधला मुलूख ओसाड होता, असे मानणे मला पटत नाही. जुन्या वस्तीची खूण ओळखायला मोठी यंत्रेही लागत नाहीत. काळ्या रानात मधेच राखट, भुसभुशीत पांढरीची माती लागते. पहिल्या पावसाने ती धुतली की काळी-तांबडी खापरे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, थोराड विटा वर येतात. हीच माती घराच्या धाब्यावर टाकायला पिढ्यान्‌पिढ्या नेली गेली, म्हणून पांढर कुठे आहे हे गावाला पक्के ठाऊक असते. हडप्पाही १८५०च्या दशकात रेल्वेवाल्यांना विटांचा ढिगारा वाटला. लाहोर-मुलतान मार्गाच्या खडीसाठी त्या विटा गेल्या, आणि शहराचे महत्त्व जगाला १९२४ मध्ये कळले.

दुसरा आक्षेप विलंबाचा, आणि तो वजनदार आहे. मराठवाडा रेल्वेसाठी फार थांबला आहे. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी मेट्रोचे काम २००६ मध्ये सुरू झाले, गाडी धावली ३० नोव्हेंबर २०२४ ला. पैशांच्या अडचणींइतकाच स्टेशनांच्या खड्ड्यांत लागलेल्या प्राचीन शहराचाही त्यात वाटा होता. पण तिथे जागा आधी ठरली होती आणि शहर नंतर सापडले. आपल्याकडे रान मोकळे आहे. आखणी कागदावर असतानाच पांढर कळली, तर यार्ड थोडे सरकवता येते. सरकवणे शक्य नसेल तर रीतसर उत्खनन करून, नोंदी घेऊन मग भराव टाकता येतो. उशीर होतो तो जेसीबी लागल्यावर खापरे दिसली तर, आणि तेव्हा बहुधा ती मुकाट्याने भरावात जातात.

म्हणून मोजणीचे अधिकारी गावात आले की ग्रामसभेत पांढरीचा गट क्रमांक सांगा, तो इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात व राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे पाठवा.