रानमेवा सगळ्यांचा

परदेशात राहते म्हटलं, की कराडच्या मैत्रिणी फोनवर हमखास विचारतात, ‘‘तिकडं काय काय बघितलंस गं?’’ त्यांना उंच इमारती, चकचकीत मॉल असं काहीतरी ऐकायचं असतं. मी सांगते, ‘‘काल डबा घेऊन रानात गेले होते. दोन किलो बेरी तोडून आणल्या. फुकट!’’ पलीकडे क्षणभर शांतता, मग हसू. ‘‘म्हणजे तिकडं जाऊनही करवंदंच वेचतेस होय?’’

होय, जवळजवळ तेच! पण या वेचण्यामागे एक मोठी गोष्ट आहे. तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

यजमानांच्या नोकरीमुळे २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही फिनलंडला आलो, हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात. डिसेंबरात सकाळी सव्वानऊनंतर उजाडायचं आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास सूर्य मावळायचा. कराडला बचत गटाच्या कामात दिवस कुठे जायचा कळायचं नाही. इथं ना भाषा, ना ओळख. हे ऑफिसला आणि मुलगा शाळेत गेला, की खिडकीत बसून काळोख बघायचा. मन खचायला लागलं होतं.

शेजारी सत्तरीच्या एक बाई एकट्या राहतात. इथं सगळ्यांनाच नावाने हाक मारायची रीत, पण मनातल्या मनात मी त्यांना आजीच म्हणते. एके दिवशी त्यांनी दार वाजवलं आणि उजेड पडला की चमकणारा एक बिल्ला माझ्या हातात ठेवला. अंधारात पायी चालणाऱ्याने असा बिल्ला कोटाला लटकवायचा, हा इथला नियमच. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, ‘‘चल, फिरून येऊ.’’ बाहेर उणे आठ! पण गेले. बर्फात पोरं खेळत होती. एका अंगणात बाबागाडीत तान्हं बाळ गुरफटून गाढ झोपलं होतं. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीचे कान बांधतात, दारं-खिडक्या लावतात. इथं मुद्दाम बाळाला मोकळ्या हवेत झोपवतात!

त्या दिवसापासून रोज तासभर बाहेर पडायचं ठरवलं. औषध म्हणा हवं तर. अंधार तेवढाच होता, पण त्याची भीती गेली.

मग उन्हाळा आला. जूनमध्ये दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा! जुलै संपता संपता आजी रबरी बूट घालून, दाते असलेला फणीसारखा डबा घेऊन आल्या. जंगलात गुडघ्याच्याही खाली राहणारी झुडपं, त्यावर निळ्या-काळ्या बेरी. इथं त्यांना ‘मुस्तिक्का’ म्हणतात. फणी फिरवली की बेरी आपसूक डब्यात. बोटं, ओठ, जीभ सगळं जांभळं! सप्टेंबरात लाल, आंबट ‘पुओलुक्का’ येते. तिचा मी आवळ्यासारखा मोरांबा केला. आजींनी बोट चाटून पाहिलं आणि बरणीच मागून नेली.

पहिल्या दिवशी मी घाबरून विचारलं होतं, ‘‘हे जंगल कुणाचं? मालक ओरडणार नाही?’’ तेव्हा कळलं, की फिनलंडमध्ये जमिनीचा मालक कुणीही असो, जंगलात चालायला, बर्फावरून घसरायला, रानातली बेरी आणि अळंबी वेचायला कुणाची परवानगी लागत नाही. माझ्यासारख्या परदेशी बाईलासुद्धा! इथलं निम्म्याहून जास्त जंगल खासगी मालकीचं आहे, तरीही. वेचलेल्या बेरी विकल्या तर त्या कमाईवर करसुद्धा नाही. राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश फुकट. आमच्या जवळच्या नूक्सिओ उद्यानात शहरी बसने जाता येतं. तिथं शेकोटीच्या ठरलेल्या जागी लाकडंही ठेवलेली असतात.

अर्थात हक्काबरोबर शिस्त येते. कुणाच्या अंगणात किंवा उभ्या पिकात शिरायचं नाही. झाड तोडायचं नाही, परवानगीशिवाय विस्तव पेटवायचा नाही, आपला कचरा आपल्या पिशवीतून परत न्यायचा. आणि सगळंच गोड आहे असंही नाही. बाजारात विकायच्या बेरी तोडायला थायलंडहून मजूर येतात. त्यांच्या पिळवणुकीचे खटले इथल्या न्यायालयांत चालले आहेत. सामाजिक कामाची सवय असल्याने ही बाजूही डोळ्यांआड करवत नाही.

या हक्काच्या नावाचीही गंमत आहे. जुना फिनिश शब्द आहे ‘योकामिएहेन-ओइकेउस’. त्यातल्या ‘मिएस’चा अर्थ पुरुष. आता सरकारी कागदांत ‘योकाइसेन-ओइकेउस’ लिहितात, म्हणजे प्रत्येकाचा हक्क. त्यात बाईही आली! आजी एकट्या जंगलात जातात, दोन तास झाडाला टेकून कॉफी पितात आणि परत येतात. ‘कुठं निघालात, कशाला, कुणाबरोबर?’ असं कुणी विचारत नाही.

मला आमच्या गटातल्या बायका आठवल्या. त्या बाहेर पडत नाहीत का? पडतात की! पाण्याला, सरपणाला, बाजाराला, देवळात. कामाशिवाय म्हणून कधी नाही. नदीकाठच्या बाकावर नुसतं बसलेली बाई दिसली, की लोक म्हणतात, ‘घरी भांडण झालं वाटतं!’

म्हणून २०२४ च्या मे महिन्यात कराडला आले, तेव्हा गटातल्या अकराजणींना घेऊन पाटणकडच्या एका गावी गेले. तिथल्या ओळखीच्या मावशींना विचारून, त्यांनाच बरोबर घेऊन डोंगर चढलो. पळसाच्या पानांचे द्रोण केले, काटे टोचून घेत करवंदं तोडली, जांभळाखाली बसून भाकरी खाल्ली. बिया दूर उडवायची पैज लावली. पन्नाशीच्या एक ताई बोलता बोलता गप्प झाल्या. म्हणाल्या, ‘‘लग्नाला तीस वर्षं झाली. डोंगरावर लई वेळा आले, पण डोक्यावर मोळी नसताना आज पहिल्यांदा.’’ यावर कुणाला काही बोलता येईना.

मैत्रिणींनो, फिनलंडसारखा कायदा आपल्याकडे नाही. सुरक्षिततेचे प्रश्न आहेत, ते नाकारून चालणार नाही. म्हणून चौघी-पाचजणी मिळून जा, ओळखीच्या जागी जा, दिवसाउजेडी परत या. पण आठवड्यातून एकदा तरी हातात पिशवी, कळशी काही न घेता घराबाहेर पडा. कुणी ‘कुठं निघालीस?’ विचारलंच, तर हसून सांगा, ‘‘कुठं नाही, नुसतीच!’’