झोंबते, म्हणून डोळा शाबूत राहतो

शाम्पूचा फेस मानेवरून, पाठीवरून ओघळला तर काहीच जाणवत नाही. तोच फेस पापणीच्या आत शिरला की डोळा घट्ट मिटतो, आग होते आणि पाण्याची धार लागते. शाम्पू तोच असताना त्वचेला पत्ताही लागत नाही आणि डोळा मात्र कळवळतो. याचे कारण बुबुळावरच्या काचेसारख्या नितळ पडद्यात, म्हणजे कॉर्नियात आहे.

कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. प्रकाश आरपार जावा म्हणून त्यात एकही रक्तवाहिनी नसते. बाहेरच्या त्वचेवर मृत पेशींचा कोरडा, चिवट थर असतो. कॉर्नियाला असे चिलखत नाही. त्याच्या पृष्ठभागावर जिवंत पेशींचे पाच-सहा थर आहेत आणि त्या पेशींच्या फटींतून वेदना टिपणारी चेतातंतूंची टोके पार वरपर्यंत आलेली असतात. त्वचेशी तुलना केली तर त्यांची दाटी काही शे पट भरते. शरीरात इतकी संवेदनशील जागा क्वचितच दुसरी सापडेल. या चेतातंतूंवर मायक्रॉनमध्ये मोजावे लागते इतके पातळ अश्रूंचे आवरण असते. त्यात खाली बुळबुळीत श्लेष्म, मध्ये पाणी आणि वर तेलाचा तलम थर असतो. हे तेल पाण्याचे बाष्पीभवन रोखते.

शाम्पू नेमका या तेलावर घाला घालतो. त्यातल्या सोडियम लॉरेथ सल्फेटसारख्या रसायनांच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. केसांतला तेलकट मळ याच गुणामुळे सुटतो. डोळ्यात गेल्यावरही हे रेणू तेच काम करतात. आधी अश्रूंवरचा तेलाचा थर विस्कटतो, मग पेशींची आवरणे सैल पडतात, कारण तीही स्निग्ध पदार्थांचीच बनलेली असतात. चेतातंतू उघडे पडतात आणि मेंदूकडे वेदनेचा संदेश जातो. त्यातच अश्रूंचा सामू सुमारे 7.4 असतो, त्याहून बराच आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी द्रव आला की चुरचुर वाढते.

‘रासायनिक’ शाम्पूच झोंबतो, ‘नैसर्गिक’ वस्तू झोंबत नाही, हा समज चुकीचा आहे. दिवाळीच्या पहाटे शिकेकाईने न्हाताना डोळे कसे चुरचुरतात, हे घरोघरी ठाऊक आहे. शिकेकाईत आणि रिठ्यात सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. फेस आणण्याचा आणि तेल सोडवण्याचा गुण त्यांच्यातही आहे. लहान मुलांचा शाम्पू झोंबत नाही, तो त्यात बधिर करणारे औषध असते म्हणून, ही समजूतही खोटी आहे. त्यात सौम्य प्रकारची फेसाळ द्रव्ये वापरतात. त्यांच्या रेणूंचे मोठे पुंजके बनतात, त्यामुळे पेशींच्या आवरणात घुसणारे सुटे रेणू कमी उरतात. शिवाय सामूही अश्रूंच्या जवळपास ठेवलेला असतो.

मिरची आणि कांदा यांची तऱ्हा वेगळी. उष्णतेची वेदना टिपणाऱ्या चेतातंतूंवर एक ग्राही प्रथिन असते. मिरचीतले कॅप्सेसिन थेट त्यालाच चेतवते. म्हणून काहीही भाजलेले नसताना भाजल्याची जाणीव होते. हे प्रथिन 1997 साली उजेडात आणणाऱ्या डेव्हिड ज्यूलियस यांना 2021 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कांदा चिरला की फुटलेल्या पेशींतली विकरे गंधकयुक्त संयुगांपासून उडून जाणारे एक द्रव्य बनवतात. ते हवेतून डोळ्यापर्यंत पोहोचते आणि अश्रू त्याला धुऊन काढतात.

ही आग त्रासाची वाटते, पण ती होत नसती तर? मधुमेह, नागीण किंवा दीर्घकाळ वापरलेली बधिर करणारी औषधे यांमुळे काहींच्या कॉर्नियाची संवेदना मंदावते. त्यांना कण रुतल्याचे कळत नाही, पापण्या पुरेशा मिटत नाहीत, अश्रू कमी येतात आणि जखमा भरत नाहीत. प्रसंगी न दुखणारा व्रण वाढत जाऊन दृष्टी जाते. वेदनेनेच डोळ्याची राखण चालते, म्हणून ती दाबून टाकणारे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कधीही घालू नयेत.

मात्र आग किती होते, यावरून धोका जोखता येत नाही. शाम्पू धुऊन टाकला की बहुधा सारे निवळते; वरच्या थराची किरकोळ इजा एक-दोन दिवसांत भरून येते. खरी भीती आहे ती तंबाखूसोबतच्या चुन्याची. त्याचा सामू 12 च्या वर असतो. अल्क पेशींतल्या स्निग्ध पदार्थांचा अक्षरशः साबण करत आत आत झिरपतो आणि चुन्याचे कण पापणीखाली चिकटून राहतात. चुन्याची पुडी किंवा ट्यूब खेळायला घेतलेल्या लहान मुलाने ती दाबली आणि चुना डोळ्यात उडाला, अशा घटना आपल्याकडे वारंवार घडतात. त्यात कायमचे अंधत्व येऊ शकते.

काहीही गेले तरी डोळा चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा आणि पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार सोडा. शाम्पूला काही मिनिटे पुरतात. चुना असेल तर क्षणही न दवडता निदान वीस मिनिटे डोळा धुवा आणि तडक नेत्ररुग्णालय गाठा. तूप, मध, गुलाबपाणी, लिंबू यांतले काहीही घालू नका. धुतल्यानंतरही दुखणे, लाली, अंधूक दिसणे किंवा उजेड सहन न होणे राहिले तर डॉक्टरांकडे जाच. आणि घरात कोणी तंबाखू खात असेल, तर चुन्याची पुडी आजच मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.