जळणासाठी लोखंडी हातगाडी

सत्तरी, सांगे, काणकोण या डोंगराळ तालुक्यांत गॅस आल्यावरही अनेक घरी न्हाणीची चूल लाकडांवरच पेटते, आणि मोळी बहुधा बाईच्याच डोक्यावर येते. गावातील वेल्डिंगच्या दुकानात साधी हातगाडी करून घेतल्यास मानेवरील हा भार चाकांवर टाकता येतो.

चौकटीस २५ मिलिमीटर रुंद व ३ मिलिमीटर जाड अँगल पुरेसा आहे. मीटरला त्याचे वजन सुमारे १.१ किलो भरते. चौकट १ मीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद असावी. तळास सलग पत्रा न ठोकता पट्ट्या अंतर सोडून जोडाव्यात, म्हणजे माती व पाणी गळून जाते. जुन्या सायकलीची चाके स्वस्त पडतात खरी; परंतु ती दोन्ही बाजूंनी आधार मिळावा अशी घडविलेली असतात. एकाच बाजूने आसावर बसविल्यास खडकाळ वाटेवर आरे वाकतात. स्कूटरची जुनी चाके बरी.

खरे मर्म आसाच्या जागेत आहे. तो नेमका मध्यावर न घेता दोन-तीन बोटे मागे घ्यावा. दांडीवर किंचित भार राहतो. चढणीवर भार मागे कलतो, आणि ढीग उंच असेल तर दांडी हातातून वर उसळते. म्हणून लाकडे उंच रचू नयेत. उतारावर गाडी पुढे सोडून आपण वरच्या बाजूस राहावे.

मृगापूर्वी गंज खरवडून रेड ऑक्साइड लावावे, सांध्यांना प्रथम. मात्र गाडी झाली म्हणून उभे झाड तोडण्याची मुभा मिळत नाही. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये त्यास परवानगी लागते.