गिरमिटाचा कागद आणि आपला दाखला

जून महिना लागला की आमच्या संस्थेत विद्यार्थी आणि पालक यांची ये-जा वाढते. प्रश्न बहुधा एकच असतो. मुलाचा जातीचा दाखला काढायचा आहे, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, तो आणायचा कोठून? आजोबा शाळेची पायरी चढले नाहीत, जमीन नावावर नव्हती, आणि १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात असल्याने जो कागद सापडतो तो उर्दूत. त्यातच एखादी कॉलेजात जाणारी मुलगी चिडून विचारते, "आम्ही बौद्ध, मग कागदावर महार कशाला लिहायचं?"

प्रश्न रास्त आहे. त्याला कायद्याचे उत्तर आहेच, ते पुढे देऊ. परंतु त्याआधी मॉरिशस बेटावरील मराठी माणसांची हकिकत सांगावीशी वाटते. तीही श्रमिकांच्या नातवंडा-पणतवंडांची आहे आणि तीही शेवटी एका जुन्या कागदापाशीच येऊन ठेपते.

इंग्रजांच्या साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद झाली तेव्हा मॉरिशसच्या ऊसमळेवाल्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईस बंदरास लागले. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे त्या बेटावर उतरली. बहुतेक बिहारकडची आणि मद्रासकडची. मुंबई बंदरातूनही जहाजे गेली. त्यांत रत्नागिरी व कोकणपट्टीतील लोक बरेच होते. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि शिधा. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचे आपल्या लोकांनी गिरमिट केले आणि माणूस गिरमिटिया झाला.

उतरल्यावर प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. रजिस्टरात नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव असे रकाने. गोऱ्या कारकुनाला जे ऐकू आले ते त्याने लिहिले. आडनाव बहुधा विचारलेच गेले नाही, म्हणून पुढे आजोबाचे नावच घराण्याचे आडनाव होऊन बसले, तेही इंग्रजी-फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगात. मळ्यावर एक खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापीत. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या जुन्या मजुरालाही फोटो लावलेला परवाना खिशात बाळगणे भाग पडले. परवाना नसेल तर रस्त्यात धरून तुरुंगात. तुम्ही राहता तेथलेच आहात हे रोज कागद दाखवून सिद्ध करायचे! याविरुद्ध १८७१ साली आदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याच्या साहाय्याने मजुरांनी गव्हर्नरास अर्ज केला, त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या होत्या. पुढच्याच वर्षी चौकशीसाठी रॉयल कमिशन आले. निरक्षर म्हणून ज्यांना हिणवले जाते त्या माणसांनी केलेले हे काम आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

आज त्यांची पाचवी-सहावी पिढी तेथे नांदते आहे. घरात बोलणे क्रिओल भाषेत, कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्र फ्रेंच. तरी 'मराठी' हा शब्द तेथे एका समाजाचे नाव म्हणून टिकून आहे. शाळेत मराठी विषय घेता येतो, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, मराठी मंडळींचा फेडरेशन आहे. १९७२ नंतर खानेसुमारीत जमात विचारणे बंद झाले, पण पुढे बरीच वर्षे पूर्वजांची भाषा विचारली जाई. ज्याला मराठीत चार वाक्ये धड बोलता येत नाहीत तोही त्या रकान्यात मराठी लिही. आम्हाला यात ढोंग वाटत नाही. आपण कोणाचे, हे तो सांगत होता.

आता जातीचे. त्या रजिस्टरांत मराठा, कुणबी, महार अशा नोंदी आढळतात. एकाच जहाजाच्या पोटात, एकाच पाण्यावर, पुढे मळ्यावरच्या एकाच चाळीत राहिल्याने शिवाशीव टिकणे अवघड झाले. काहींनी बंदरावरच वेगळी जात सांगून टाकली, असेही अभ्यासक लिहितात. म्हणून समुद्र ओलांडला की जात बुडाली असे कोणी समजू नये. मॉरिशसच्या हिंदूंत लग्न जुळवताना आणि निवडणुकीत जातीचा हिशेब अजून होतो.

ज्या रजिस्टराने माणसाचा क्रमांक केला तेच आज वारसांना हवे आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ही रजिस्टरे जपून ठेवली आहेत. पणजोबाचा क्रमांक मिळाला तर गाव मिळते, कधी फोटोही मिळतो. ओसीआय कार्डासाठी भारतीय पूर्वजाचा पुरावा लागतो. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशस भेटीत सातव्या पिढीपर्यंतच्या वंशजांना हे कार्ड देण्याची घोषणा केली, तेव्हा त्या जुन्या पानांची किंमत आणखी वाढली. पोर्ट लुईसच्या ज्या सोळा पायऱ्या चढून हे लोक आत गेले तो आप्रवासी घाट २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केला.

हे सारे दूरचे वाटत असेल तर कळंब, वाशी, भूम या तालुक्यांत दिवाळीच्या सुमारास चक्कर मारावी. पीक तेच, ऊस. मुकादमाकडून उचल घेतली की नवरा-बायकोची जोडी 'एक कोयता' होते. टोळी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कोप्यांत मुक्काम, खाड्याचा दंड वेगळा. हा गिरमिट नव्हे. पाच-सहा महिन्यांनी माणूस गावी परततो, मतदान करतो. पण पोराचे नाव गावच्या शाळेत आणि पोर फडात, मग दाखल्याच्या वेळी हजेरीही नाही आणि नोंदही धड नाही. अलीकडे ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगारांना ओळखपत्र देण्याची योजना निघाली आहे. ते अवश्य घ्यावे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे. १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा लाभ हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये शीख आले. त्याच वर्षी धम्मदीक्षा घेतलेले आपले लोक मात्र बाहेर राहिले. महाराष्ट्र राज्याने १९६० च्या सुमारास आपल्यापुरत्या सवलती दिल्या, केंद्राच्या सवलतींसाठी १९९० ची दुरुस्ती व्हावी लागली. त्या दुरुस्तीनेही पूर्वीची जातच आधार धरली आहे. तेव्हा कागदावरचा तो शब्द पूर्वजांवर काय लादले गेले त्याची नोंद आहे. आपण कोण आहोत ते आपण घरात आणि विहारात ठरवले आहे. मॉरिशसचा तरुण पणजोबाच्या क्रमांकाची नक्कल हातात घेतो म्हणून तो पुन्हा गिरमिटिया होत नाही.

राहिला पुराव्याचा प्रश्न. आजोबा शिकले नसतील तर चुलत आजोबांचे, आत्याचे नाव जुन्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात पाहावे. रक्ताच्या नात्यातील नोंद चालते, मात्र वंशावळ नीट जुळली पाहिजे. कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, १९५४ चे खासरा पत्रक, वतनाचे कागद हेही तपासावेत. उर्दू वाचणारी जुनी माणसे आता थोडी उरली आहेत. ज्यांच्या घरी ट्रंकेत असे कागद पडून असतील त्यांनी लॅमिनेशन न करता, आहेत तसेच, पुढच्या बैठकीला घेऊन यावेत.