नेमबाजाचा खांदा का दुखतो?

‘डॉक्टर, मोठ्या रायफलीचा सराव करून आला की पोराचा खांदा काळानिळा होतो. घट्ट धर म्हणून सांगितले, तर नेम आणखीच चुकतो. सराव बंद करू का?’ एका काळजीत पडलेल्या वडिलांनी विचारलेला हा प्रश्न. सोबतचा मुलगा मान खाली घालून बसला होता. सराव बंद करण्याची गरज नव्हती. त्याचे दुखणे आणि चुकणारा नेम या दोहोंचे मूळ एकच होते, ते म्हणजे शरीराची चुकीची ठेवण.

गोळी पुढे जाते तशी रायफल मागे येते. हा धक्का गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच सुरू होतो. त्यामुळे दर वेळी रायफल वेगळ्या प्रकारे धरली, तर गोळीही वेगळीकडे जाते. पॉइंट टूटू रायफलीचा धक्का अगदी हलका असतो. पण ५० मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे असते. तिथे एवढा फरकही महागात पडतो.

मोठ्या रायफलीचा दस्ता खांद्याच्या खळग्यात, म्हणजे हासळीच्या हाडाखाली, स्नायूंच्या गादीवर बसला पाहिजे. तो हासळीवर किंवा दंडाच्या हाडावर टेकला, तर मार थेट हाडाला बसतो. दस्ता व खांदा यांत फट राहिली, तर धक्क्याचा दणका होतो. मार खाल्लेले शरीर पुढच्या वेळी आधीच दचकते. डोळा मिटतो, खांदा पुढे ढकलला जातो आणि नेम जातो. अशा वेळी आवळून धरणे हा उपाय नव्हे. आवळलेला स्नायू थरथरतो आणि लवकर थकतो.

रायफलीचा भार हाडांवर द्यावा, स्नायूंवर नव्हे. झोपून नेम धरताना डावे कोपर रायफलीच्या जवळजवळ खाली असावे. उजवा गुडघा थोडा दुमडला की पोट जमिनीपासून किंचित उचलले जाते आणि श्वास मोकळा होतो. गुडघ्यावर बसताना कोपराचे टोक गुडघ्याच्या वाटीवर टेकू नये. गोलावर गोल ठरत नाही. उभ्याने डावे कोपर कमरेच्या हाडाशी टेकवावे. (डावखुऱ्यांनी बाजू उलट समजाव्यात.)

आता एक सोपी कसोटी. रिकाम्या रायफलीने नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. नेम सरकला असेल, तर हाताने रायफल ओढू नका. पाय किंवा कंबर हलवून सारे शरीरच वळवा. मग श्वास अर्धा सोडून थांबा आणि सहा-आठ सेकंदांत ट्रिगर हळू दाबा. तेवढ्यात जमले नाही, तर रायफल खाली घ्या. गोळी सुटल्यावरही क्षणभर तसेच राहा. धक्क्यानंतर रायफल आपसूक पुन्हा लक्ष्यावर आली, तर ठेवण बरोबर आहे असे समजावे.

उभ्याने नेम धरताना कंबर मागे झुकते व वळते. वर्षानुवर्षे असे केल्याने पाठ धरते. म्हणून पोटाचे व पाठीचे व्यायाम रोज करावेत आणि दर थोड्या वेळाने जाकीट सैल करून शरीर ताणावे. पट्ट्याने बोटे बधिर होत असतील, तर पट्टा लगेच सैल करावा. खांद्याची दुखापत बरी होईपर्यंत मोठी रायफल हातात घेऊ नये.

सर्वांत दुर्लक्षित अवयव म्हणजे कान. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्याही वर जाऊ शकतो आणि त्याने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असल्याने त्याला अधिक धोका असतो. कापसाचा बोळा पुरत नाही. कानाचे प्लग किंवा मफ हवेतच. सरावानंतर कानात गुणगुण होत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर कानाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे जागतिक अजिंक्यपद मिळवले, तर कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक. आपल्या मुलांनीही त्या वाटेने जरूर जावे. मात्र जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली आणि कान झाकूनच!