अभयारण्य झाले म्हणजे वनहक्क संपले काय?

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत नव्या अभयारण्याची चर्चा सुरू झाली की एक विधान हटकून ऐकू येते : जंगल अभयारण्य झाले की गावाचे त्यावरील सर्व हक्क आपोआप संपतात. मोहफुले आणि तेंदूपत्त्यावर वर्षाची मीठमिरची भागवणारा गावकरी ते धास्तीने बोलतो, काही कर्मचारी तेच नियम म्हणून ऐकवतात, आणि परिणामी ज्या ग्रामसभेला दावा करता येतो तिलाही तो करणे व्यर्थ वाटू लागते.

कायदा असे म्हणत नाही, हे किती वेळा सांगावे? वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार राष्ट्रीय उद्यानाच्या अंतिम घोषणेपूर्वी तेथील हक्क निकाली काढावे लागतात. अभयारण्यात मात्र कलम 24 प्रमाणे चौकशीअंती जिल्हाधिकारी हक्क चालू ठेवू शकतात. वन हक्क कायदा, 2006 त्याहून स्पष्ट आहे : त्यातील वनजमिनीच्या व्याख्येतच अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने येतात, आणि कलम 4(2) अन्वये, वन्यप्राण्यांसाठी पूर्णतः राखून ठेवावयाच्या अधिवासातही, हक्क मान्य करण्याची प्रक्रिया पूर्ण झाल्याशिवाय, सहअस्तित्वाचा पर्याय तपासल्याशिवाय आणि ग्रामसभेची मुक्त व माहितीपूर्ण संमती घेतल्याशिवाय पुनर्वसन करता येत नाही.

याचा अर्थ गावाचे काहीच बिघडत नाही, असा मुळीच नाही. 1972 च्या कायद्याचे कलम 29 अभयारण्यातून काढलेले वनोपज फक्त घरगुती गरजेपुरते वापरू देते, विक्रीसाठी नाही. वन हक्क कायदा मात्र गौण वनोपजाची, म्हणजे बांबू, तेंदू, मोह, मध यांची, मालकी आणि विक्रीही मान्य करतो. या ओढाताणीत कायद्याचा अर्थ बहुधा जंगलाच्या नाक्यावर लावला जातो आणि हंगाम बुडतो तो गावाचा. ताडोबा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, अंधारी 1986 मध्ये अभयारण्य. दोन्ही मिळून सुमारे 625 चौरस किलोमीटरचा गाभा, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाचा वस्तीविरहित ठेवावयाचा भाग, तयार झाला आणि त्यातून बोटेझरी, जामणी यांसारखी गावे हलली. पुनर्वसनाची रक्कम 2021 मध्ये प्रतिकुटुंब 10 लाखांवरून 15 लाख झाली खरी, पण ती एकदाच मिळते. मोह दरवर्षी फुलतो.

गावाच्या हाती दिलेले जंगल उजाड होते, हा समजही टिकत नाही : धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि ग्रामसभा बांबूची तोड व विक्री स्वतः करू लागली, तर चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने तेंदूसाठी होणारी छाटणी आणि लावली जाणारी आग टाळण्याकरिता तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. पर्यटनाने सर्वांचे भागते, असे म्हणणाऱ्यांनी ताडोबाच्या मोहर्ली आणि कोलारा प्रवेशद्वारांवरून निष्कर्ष काढू नये. गडचिरोलीतील चपराळा किंवा भामरागड अभयारण्यात तसे पर्यटन नाही. वाघाचे हल्ले केवळ व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत होतात, हेही खोटे आहे, कारण ब्रह्मपुरी वनविभागात, प्रकल्पाबाहेर, शेतात आणि मोहफुले वेचताना माणसे दगावली आहेत.

वन हक्क कायद्याने दाव्यांसाठी अखेरची तारीख ठरवलेली नाही. अभयारण्यामुळे दावा करता येत नाही, असे कोणी सांगितल्यास ग्रामसभेने ते कलमासह लेखी मागावे आणि दावा दाखल करावा.