रिंगणातली पोकळी

वारली चित्रातला तारपा नाच तुम्ही पाहिलाच असेल. मध्ये तारपा वाजवणारा आणि भोवती एकमेकांच्या कमरेत हात घालून नाचणारी माणसं. जव्हार-मोखाड्याकडच्या भिंतींवरचं हे चित्र आता जगभर गेलं आहे. नीट पाहिलंत तर बहुतेक चित्रांत ती रांग मिटलेली नसते; शंखासारखी उलगडत बाहेर येते. माझ्या विषयात, म्हणजे टोपॉलॉजीत, हा फरक फार मोठा. रांग कितीही वळली तरी ती दोरीच. पण दोन टोकं जुळली की मध्ये एक पोकळी तयार होते आणि ओढूनताणून ती नाहीशी होत नाही. अशा पोकळ्या बीजगणिताने मोजायच्या, याचा पाया आंरी प्वांकारे यांनी १८९५ साली घातला.

आता माणसांऐवजी नुसते ठिपके आहेत असं समजा. प्रत्येक ठिपक्याभोवती वर्तुळ काढा आणि ते हळूहळू फुगवा. वर्तुळं भिडली की रिंगण जुळतं, पोकळी जन्मते. आणखी फुगली की ती बुजते. लगेच बुजली ती किरकोळ, बराच वेळ टिकली ती खरी. हर्बर्ट एडल्सब्रुनर आणि सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास या कल्पनेला चोख गणिती रूप दिलं.

मला ती सर्वांत उपयोगाची वाटते दवाखान्यांच्या बाबतीत. डोंगराळ आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी निकष आहे. पण ही झाली सरासरी. निकष पुरा होऊनही चार केंद्रांच्या मध्ये पोकळी राहू शकते. म्हणून केंद्रांभोवती किलोमीटरची नव्हे, मिनिटांची वर्तुळं फुगवायची. ती गोल निघणार नाहीत, घाटातून वेडीवाकडीच पसरतील. जी पोकळी दोन तासांनी बुजते, तिच्या पोटातल्या पाड्यावरून दवाखाना दोन तासांवर आहे. अमेरिकेत ॲबिगेल हिकॉक आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मतदान केंद्रांसाठी हेच केलं.

मोखाड्यात मात्र मिनिटं ऋतूप्रमाणे बदलतात. मे महिन्यात सहज ओलांडता येणारा ओहोळ जुलैत वाट अडवतो. ऑगस्ट २०२२ मध्ये इथल्या एका पाड्यावर घरीच जन्मलेली जुळी बाळं दगावली आणि रस्ता नसल्याने आईला झोळीतून उचलून न्यावं लागलं. नकाशा करायचाच तर दोन हवेत, उन्हाळ्याचा वेगळा आणि पावसाळ्याचा वेगळा. गणित संगणक झटक्यात करील. चालण्याची मिनिटं मात्र त्या वाटेने जाणाऱ्या आशाताईंना विचारून, पाड्यागणिक लिहून घ्यावी लागतील.